सीएफएल आणि ट्यूबलाईट: बाद झाल्यावरचा रिव्ह्यू

नवीन वस्तू आणली की दुसऱ्या दिवशी रिव्ह्यू टाकायचा, पॅकिंग मस्त, डिलिव्हरी वेळेत, पाच स्टार, अशी रीत आहे. सीएफएलच्या, म्हणजे त्या पिळाच्या पांढऱ्या दिव्याच्या, बाबतीत ती वेळ केव्हाच टळून गेली, आता इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन सीएफएल मागा, दुकानदार चष्म्यावरून बघतो की हे कोण आलं. तरी लिहितोय, कारण वस्तू बाजारातून उठली असली तरी घरातून काही गेलेली नाही. कुणाचाही माळा उघडा, जुन्या सुटकेसमागे दोन तरी गेलेल्या ट्यूबा टेकवलेल्या असतात, आणि ड्रॉवरमध्ये "बघू, चालेल कधीतरी" म्हणून ठेवलेला एखादा पिळाचा सीएफएल असतोच. आमच्या सोसायटीने जिने, पार्किंग, पंपरूम सगळीकडे एलईडी बसवलं तेव्हा काढलेल्या मालाचा ढीग मीटररूममध्ये लागला आणि कमिटीत असल्यामुळे तो मार्गी लावायचं काम माझ्या गळ्यात आलं. त्यामुळे हा रिव्ह्यू वस्तूच्या अख्ख्या आयुष्याचा आहे, आणि तिला उचलून नेणाऱ्यांचाही.

स्टार आधीच देऊन टाकतो, ज्यांना घाई आहे ते मोकळे. वीजबचतीला साडेचार, अर्धा एलईडीमुळे कापला. उजेडाला चार. टिकायला तीन, तेही कंपनी बघून. फुटला तर दोन. टाकून द्यायचा म्हटलं की एक, आणि तो एक स्टार वस्तूपेक्षा आपल्याकडच्या व्यवस्थेला जास्त लागू आहे.

आता चांगलं आधी बोलू. आज सीएफएलला नावं ठेवणं सोपं आहे, पण २००५ नंतरच्या त्या लोडशेडिंगच्या वर्षांत ज्यांनी संसार केलाय त्यांना विचारा. साठ वॅटचा पिवळा बल्ब काढून पंधरा वॅटचा सीएफएल लावला की उजेड तेवढाच आणि इन्व्हर्टर दुप्पट वेळ ओढायचा, दहावीच्या पोराचा अभ्यास त्यावर झालेला आहे. हिशोब करून बघा, पंचेचाळीस वॅट वाचले, रोज पाच तास दिवा लागतो, वर्षाला ८० युनिटच्या वर जातं हे, एका होल्डरमागे. कोळशाच्या विजेला युनिटमागे ढोबळ पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड धरला तरी एका दिव्यावर वर्षाला साठेक किलो वाचतो. घरात असे पाच-सहा दिवे, बिल्डिंगमध्ये वीस घरं, पुढचा गुणाकार तुमचा तुम्ही करा.

आणि एक गोष्ट बऱ्याच लोकांना उलटी वाटते ती इथेच सांगतो. सीएफएलमध्ये पारा असतो म्हणून तो पर्यावरणाला वाईट आणि पिवळा बल्ब बिचारा निरुपद्रवी, असं सर्रास बोललं जातं. पण कोळशातही पारा असतो, मुळातच असतो, आणि तो जळताना धुराड्यातून हवेत जातो. आपली बरीचशी वीज येते कुठून तर चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी, सगळा कोळसाच. म्हणजे पिवळ्या बल्बच्या पोटात पारा नसला तरी त्याच्या जास्तीच्या विजेपायी तिकडे धुराड्यातून जातोच की. अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे तिथल्या पर्यावरण खात्याने, हा हिशोब मांडला होता, आणि सीएफएल शेवटी कचऱ्यात फुटला असं धरूनसुद्धा एकूण पारा पिवळ्या बल्बपायीच जास्त बाहेर पडतो असं त्यांचं गणित होतं. तेव्हा ज्यांनी त्या काळात सीएफएल लावले त्यांनी बरोबरच केलं, उगाच वाईट वाटून घेऊ नये.

सरकारनेही तेव्हा जोर लावला होता. २००९ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरोने बचत लॅम्प योजना काढली, चालू पिवळा बल्ब द्या आणि पंधरा रुपयांत सीएफएल घ्या, बाजारात तोच शंभरच्या आसपास होता, वरचा फरक कार्बन क्रेडिटमधून, म्हणजे कार्बन वाचवल्याबद्दल मिळणारी पत विकून, भरून काढायचा. डोकं चांगलं लावलं होतं. पुढे २०१५ च्या जानेवारीत उजाला योजना आली, ३१० रुपयांना खरेदी होणारा एलईडी बल्ब दोन-अडीच वर्षांत चाळिशीच्याही खाली खरेदी व्हायला लागला आणि सीएफएलचा बाजार उठला.

वस्तू चालते कशी हे थोडक्यात सांगतो कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. ट्यूब घ्या किंवा सीएफएल, कुळ एकच, सीएफएल म्हणजे बारीक ट्यूब दुमडून किंवा पिळून बसवलेली आणि चोक, म्हणजे करंट आवरणारा भाग, खालच्या प्लास्टिकच्या बुडात कोंबलेला. दोन्ही टोकांना फिलामेंट, आत थोडा आर्गॉन आणि जरासा पारा. आतून करंट वाहिला की पाऱ्याची वाफ अल्ट्राव्हायोलेट सोडते, ती डोळ्याला दिसत नाही, काचेला आतून जी पांढरी पावडर लावलेली असते ती त्याचा दिसणारा उजेड करते. म्हणजे पारा हा यात भेसळीचा किंवा हलगर्जीचा भाग नाहीये, तो काढला तर दिवाच लागणार नाही. टोकं काळी पडली, ट्यूब फडफडायला लागली, स्टार्टर बदलूनही उठत नाही, की ती गेली. पण गेली म्हणजे उजेड गेला, पारा आहे तिथेच आहे, थोडा पावडरीत मुरलेला, थोडा वाफेत. हे लोक विसरतात. "गेलेली आहे, फोडली तरी काय होतंय" हे वाक्य मी एवढ्या लोकांच्या तोंडून ऐकलंय.

उजेडाबद्दल माझी फारशी तक्रार नाही. चालू केल्यावर आधी मंद, मग मिनिटभराने पूर्ण, थंडीत अजून उशीर. बाथरूममध्ये लावू नये, सारखा चालू-बंद केला की आयुष्य निम्म्यावर येतं, आणि लोकांनी नेमका तिथेच लावला. बंद काचेच्या गोळ्यात लावला की उष्णतेने बुडातला कपॅसिटर फुगायचा, बुड पिवळं पडून करपट वास यायचा. खोक्यावर सहा हजार, आठ हजार तास छापलेलं असायचं, चांगल्या कंपनीचा तेवढा चालायचाही, पण बिनानावाचा स्वस्तातला माल पावसाळा काढेल याची खात्री नाही. त्यात स्वस्त सीएफएलचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटमधला खरा कामी येणारा हिस्सा, निम्म्यावर असायचा, आपल्या घरगुती मीटरवर त्याचा फरक दिसत नाही, त्याचा ताप वीजकंपनीला.

एक मात्र मानलं पाहिजे, हा दिवा रिपेअर व्हायचा. आठवडी बाजारात एक माणूस पोत्यावर बसलेला, पुढे सोल्डरिंग गन आणि गेलेल्या सीएफएलची रास, बुड स्क्रूड्रायव्हरने उचकटायचा, १३००३ नंबरचा ट्रान्झिस्टर बदलायचा, कपॅसिटर बदलायचा, वीस-तीस रुपयांत दिवा परत चालू. कचरा कमी करणारा खरा माणूस तोच होता. पण उचकटताना काचेचा पिळ मुळाशी तडकला की तो सरळ मागच्या गटारात, आणि हे सगळं त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर, दिवसभर. ना मास्क ना हवा. त्याला कुणी सांगितलंच नसणार.

आता पाऱ्याकडे येतो, आणि इथे दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती चालते. एका बाजूला व्हॉट्सअपवरचे फॉरवर्ड, सीएफएल फुटला की घर सोडून पळा, कॅन्सर, अमुकतमुक. दुसऱ्या बाजूला "आम्ही लहानपणी ट्यूबा फोडून खेळलो, काही झालं नाही." खरं काय तर एका सीएफएलमध्ये पारा असतो साधारण तीन ते पाच मिलिग्रॅम, पेनाच्या टोकावर मावेल एवढा. ताप बघायच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये तो पाचशे मिलिग्रॅमच्या आसपास असायचा. म्हणजे एक दिवा फुटला म्हणून कुणी आजारी पडायचं कारण नाही, नीट आवरलं तर. पण जुन्या जाड ट्यूबमध्ये सीएफएलच्या कितीतरी पट पारा असायचा आणि अशा पन्नास ट्यूबा एका बंद खोलीत फोडल्या तर गोष्ट वेगळी होते. पाऱ्याची वाफ श्वासातून जाते, तिला वासही नाही आणि रंगही नाही, मेंदू, नसा आणि किडनी हे तिचं गिऱ्हाईक, आणि लहान मुलं आणि गरोदर बाया यांनी जास्त जपायचं.

कचऱ्यातून तोच पारा पाण्यात गेला की जिवाणू त्याचं मिथिलमर्क्युरी करतात, ते माशांत साठत जातं, लहान मासा मोठ्याने खाल्ला, मोठा आपण. जपानच्या मिनामाता गावात हेच झालं होतं, फक्त तिथे चिसो कंपनीच्या रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातून तयार मिथिलमर्क्युरीच खाडीत गेलं, मासे खाणारी मांजरं आधी झटके येऊन मेली, मग माणसं, १९५६ मध्ये रोगाची अधिकृत नोंद झाली. ते प्रमाण दिव्यांच्या प्रमाणापेक्षा अवाढव्य होतं हे खरं आहे, पण पाऱ्यावरच्या जागतिक कराराला नाव त्याच गावाचं आहे. भारताने तो मिनामाता करार २०१८ मध्ये मान्य केला. त्याच करारात आता बुडात चोक असलेल्या, तीस वॅटपर्यंतच्या सीएफएलचं उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवायला २०२५ साल ठरलं आणि लांब ट्यूबांना, आतल्या पावडरीच्या जातीप्रमाणे, २०२६ किंवा २०२७. म्हणजे आपल्या मीटररूममधला हा ढीग या जातीचा जवळपास शेवटचाच.

फुटला तर काय करायचं हे मी प्रत्यक्ष बघितलंय, कारण बहिणीकडे भाच्याने घरात बॉल मारला आणि बेडरूमच्या होल्डरमधला सीएफएल थेट पलंगावर आला. तायडीने पहिल्या झटक्यात झाडू उचलला. म्हटलं थांब. झाडूच्या काड्यांत पावडर अडकते आणि मग तोच झाडू स्वयंपाकघरात फिरतो. व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नाही, तो पारा हवेत उडवतो आणि स्वतःही खराब होतो. आधी पोरांना आणि मांजराला खोलीबाहेर काढलं, पंखा बंद, एसी बंद, खिडक्या सताड उघड्या आणि दार लावून दहा-पंधरा मिनिटं आम्ही बाहेर चहा घेतला. पंखा बंद करायचं लोकांना पटत नाही, हवा खेळली पाहिजे म्हणतात, पण डोक्यावरचा पंखा ती पावडर घरभर करतो, हवा खिडकीतून खेळू दे.

मग आत जाऊन हातात रबरी मोजे, आणि काच गोळा करायला लग्नपत्रिका. हसू नका, पुठ्ठ्याची जाड पत्रिका याला एक नंबर, एकीने ढकलायचं, दुसरीवर घ्यायचं, आणि आपल्याकडे पत्रिकांचा तुटवडा कधीच नसतो. बारीक कण आणि पांढरी पावडर सेलोटेप उलटी करून, चिकट बाजूने टिपून घ्यायची. फरशी शेवटी ओल्या कागदाने पुसायची आणि तो कागदसुद्धा काचेबरोबरच. हे सगळं, पत्रिका आणि टेपसकट, लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत घालून पत्र्याचं झाकण घट्ट. बरणी नसेल तर झिपवाली जाड पिशवी, पण काचेची बरणी बरी, प्लास्टिकमधून वाफ हळूहळू बाहेर येते. बरणी घरात ठेवायची नाही, गॅलरीच्या कोपऱ्यात, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी. चादरीवर काच पडली होती ती चादर तायडीला धुवायची होती, नवीन होती, बेडशीटचा सेट होता, खूप हळहळली, पण थेट फुटलेली काच आणि पावडर ज्या कापडावर पडली ते मशीनमध्ये टाकू नये, मशीन आणि पाणी दोन्ही बिघडतं. ती गेली. खिडक्या संध्याकाळपर्यंत उघड्या ठेवल्या. एवढंच, घाबरायचं काही नाही, पण रीतसर.

आता टाकून देण्याची कथा, म्हणजे हा एक स्टार का ते.

पहिला माणूस आला आमचा नेहमीचा भंगारवाला. त्याने ढीग बघितला, ट्यूब बसवायच्या पट्ट्या घेतो म्हणाला, चोक घेतो, आणि ट्यूबा? "ट्यूब फुकट उचलतो साहेब." फुकट उचलतो म्हटल्यावर कमिटीतले दोघं खुश. मी विचारलं काय करतोस यांचं. तर तो अगदी मोकळेपणाने म्हणाला, टोकाची ॲल्युमिनियमची टोपी काढायची, काच फोडून टाकायची. कुठे? तर त्याच्या गाळ्यामागे. तिथे त्याचं कुटुंब राहतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, ट्यूबमध्ये विकण्यासारखं दुसरं काही नाहीच, काच भट्टीवाले घेत नाहीत, पावडर कुणाला नको, पारा दिसत नाही. नकार दिला, तर तो म्हणाला तुमची मर्जी, आणि चोकचा भाव मात्र लगेच पाच रुपयांनी वाढवून दिला. (भाव करायचा असेल तर आधी नाही म्हणायला शिका, हा आपला एक बोनस सल्ला.)

घंटागाडीवाल्या मावशींना विचारलं. त्यांनी बोटावरचा जुना वण दाखवला, ट्यूबच्या काचेचाच, सुक्या कचऱ्याच्या पिशवीत कुणीतरी अर्धी ट्यूब कोंबून दिलेली. "फोडून देतात, म्हणजे पिशवीत बसते" हे त्यांचं वाक्य. विचार करा, चार फुटाची ट्यूब पिशवीत बसत नाही म्हणून माणूस ती बाथरूममध्ये नेऊन फोडतो, म्हणजे पारा स्वतःच्या घरात आणि काच दुसऱ्याच्या हातात. याच्याइतकी मूर्ख पद्धत शोधूनही सापडायची नाही आणि तीच सगळ्यात जास्त चालते. गाडीत कचरा दाबणारा कॉम्पॅक्टर असेल तर उरलेल्या तिथे फुटतात.

तसं आपल्याकडे ट्यूब फोडणं हा करमणुकीचाही प्रकार होता म्हणा. गावात नॉनस्टॉप सायकलवाला यायचा, चार-पाच दिवस सायकलवरून उतरायचा नाही, आणि शेवटच्या रात्री छातीवर ट्यूबा फोडून घ्यायचा, आम्ही पोरं पुढे बसून टाळ्या वाजवायचो आणि तो पांढरा धूर अंगावर यायचा. तो धूर म्हणजे ही पावडर. असो.

कागदावर आपल्याकडे सगळं आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांत घरगुती घातक कचऱ्याच्या व्याख्येत सीएफएल आणि ट्यूबलाईट नाव घेऊन घातले होते, रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधं, फुटलेले थर्मामीटर यांच्या पंगतीत. म्हणजे तेव्हा ओला, सुका आणि हा तिसरा. त्याच नियमांत असंही होतं की पालिकेने दर वीस चौरस किलोमीटरला असा कचरा घेणारं एक केंद्र उघडायचं आणि त्याच्या वेळा जाहीर करायच्या. त्याच वर्षीच्या ई-कचरा नियमांत पाऱ्याचे दिवे परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर टाकली. वाचून छान वाटतं. मी आमच्या भागातल्या कार्यालयात जाऊन विचारलं की केंद्र कुठे आहे, तर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, तिथून आरोग्य विभाग, तिथला माणूस चांगला होता, म्हणाला "तुम्हीच पहिले विचारताय, सापडलं तर मलाही सांगा." दोन स्टार, प्रामाणिकपणाचे.

पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक बायांनी सॅनिटरी पॅडची पुडी कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायची पद्धत लोकांच्या अंगवळणी पाडली, म्हणजे हात लावणाऱ्याला आधीच कळतं आत काय आहे. तसं ट्यूबचं कुठेही करता येईल, पैसे लागत नाहीत. आम्ही केलं, खोक्यावर मार्करने मोठ्या अक्षरात "ट्यूब, काच, पारा, फोडू नये".

मग ॲपवरची पिकअप सर्व्हिस. नाव टाकत नाही. ॲप चकाचक, हिरवी पानं, पृथ्वी वाचवा, सगळं. रिक्वेस्ट टाकली तर फोन आला, "सर लॅपटॉप आहे का? फ्रिज? बॅटरी?" ट्यूबा म्हटल्यावर आवाजच बदलला. येतो म्हणाले, आले नाहीत, परत फोन केला तर म्हणे कमीत कमी एवढे किलो पाहिजेत, आणि किलोच्या भाषेत ट्यूबचं वजन ते किती, काच पातळ, आत सगळी पोकळी. यांना दीड स्टार, ॲपच्या डिझाइनला.

शेवटी काम झालं ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकृत रिसायकलरच्या यादीवरून फोन लावत बसल्यावर. यादीत नाव आहे म्हणजे ट्यूब घेतीलच असं नाही, बऱ्याच जणांचं काम सर्किट बोर्ड आणि केबलचं असतं, त्यांना तांबं आणि सोनं दिसतं. फोनवर पहिला प्रश्न हाच विचारायचा, पाऱ्याचे दिवे घेता का आणि तुमच्याकडे ते फोडायचं मशीन आहे का, का पुढे कुणाला देता. जो घेणारा मिळाला त्याने सरळ सांगितलं, आम्ही पैसे देणार नाही, तुम्ही द्यायचे, ट्यूबमागे इतके. मला हे आवडलं. जो फुकट नेतो त्याच्याकडे ती फुटणार हे नक्की, कारण नीट करायला खर्च येतो. मशीन बंदिस्त असतं, आतली हवा ओढून घेतलेली, म्हणजे वाफ बाहेर न येता कार्बनच्या फिल्टरमध्ये अडकते, टोप्या वेगळ्या, काच वेगळी, पावडर वेगळी, आणि पावडर तापवून त्यातून पारा परत काढतात. चांगल्या ट्यूबच्या पावडरीत यिट्रियम, युरोपियम असली दुर्मिळ मूलद्रव्यंही असतात, पण आपल्या पन्नास-साठ ट्यूबांतून त्यांचं काही सुटत नाही.

त्यांची अट एकच, ट्यूब अख्खी पाहिजे. इथे एक जुगाड कामाला आला. पार्किंगमध्ये ज्या एलईडी ट्यूबा लावल्या त्यांची खोकी आम्ही फेकली नव्हती, चार फुटाची जुनी ट्यूब त्यातच बरोबर जाते, मग दहा-दहा खोक्यांचे गठ्ठे सुतळीने बांधले. सीएफएल रद्दीच्या कागदात एकेक गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर दुसरं काही वजन नाही. गाडी आली, दोन पोरं, हातमोजे घातलेले, खोकी आडवी रचून नेली, जाताना एकही फुटली नाही, पावती दिली आणि नंतर विल्हेवाटीचं सर्टिफिकेट मेलवर आलं, तेही मागावं लागलं म्हणून चार स्टार, नाहीतर पाच दिले असते. तायडीची बरणीही त्यातच गेली, त्यांनी ती वेगळी ठेवली, शाबास.

एकट्या घरासाठी एवढा खटाटोप कोणी करणार नाही, मान्य. तुमच्याकडे दोन ट्यूबा आणि चार सीएफएल असतील तर सोसायटीत एक जागा ठरवा, आडवं खोकं ठेवा, साठू द्या, वर्षातून एकदा गाडी बोलवा. किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारा, आमच्या बाजारपेठेतला एक काका नवीन दिवा घेताना जुना ठेवून घेतो, त्याचं डिस्ट्रिब्युटरशी काहीतरी आहे, मागे पिंपात अख्खे सीएफएल रचलेले मी बघितलेत. असा दुकानदार सापडला तर दिवे त्याच्याकडूनच घ्या, पाच रुपये महाग का असेना. आणि घरात एखादा सीएफएल अजून ठणठणीत चालत असेल तर तो काढून फेकायची घाई नको, लागतोय तोवर लागू दे, चालू दिवा कधीही सुरक्षित, फक्त स्टुलावर चढून बदलताना काचेला धरून पिळू नका, बुडाला धरा, निम्मे दिवे तिथेच फुटतात.

जुनी जाड ट्यूब मात्र बदलून टाका. चाळीस वॅट छापलेलं असतं पण तांब्याचा चोक धरून ती पन्नासच्या वर ओढते, चोक हात लावला की गरम लागतो तो त्याच विजेने. वीस वॅटची एलईडी तेवढाच उजेड देते. जुन्याच पट्टीत एलईडी ट्यूब बसवायची असेल तर वायरमनला बोलवा, चोक आणि स्टार्टर बाजूला काढून थेट वायर द्यायची असते, कंपनीगणिक जोडणी वेगळी, आपण हात घालू नये. आणि एलईडीत पारा नाही म्हणून तो कुठेही फेकायचा असंही नाही, आत सर्किट आहे, तोही ई-कचराच.

आमच्या काढलेल्या चोकचं शेवटी त्याच भंगारवाल्याशी जमलं. निम्म्या चोकमध्ये तांबं निघालं, निम्म्यांत ॲल्युमिनियम, त्यावर त्याने बरीच कटकट केली, पण जे पैसे आले त्यात रिसायकलरचं बिल बरंचसं भागलं, वरचे थोडे मेंटेनन्समधून घातले. मीटिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या आप्पांनी विचारलंच, "भंगाराचे पैसे येतात, तुम्ही उलटे दिले कसे?" पावती फाईलला लावली आहे, सर्टिफिकेट त्याच्यामागे, कुणालाही बघायची असेल तर रविवारी अकरानंतर ऑफिसात यावं.